झेंड्यांपासून भिंतीपर्यंत

मंगळवारी सकाळी मी भिंतीवर डोकं आपटलं. चोवीस वर्षं उताणी पोहते आहे, देशात पहिली येऊन झालं, परदेशात जाऊन आठवी येऊन झालं, पण भिंत मला अशी कधी लागली नव्हती. काठावरच्यांना म्हणे मोठा आवाज आला. मला तो आतून आला, कुणी रिकामं पिंप लाथाडावं तसा. डोळ्यांपुढे काजवे चमकले, नाकात पाणी गेलं, आणि मग दिसलं ते एवढंच की सर काठावर ओणवे होऊन माझी हनुवटी धरून विचारताहेत, "वार सांग. आज वार कुठला?" मी म्हटलं, "मंगळवार. आणि रविवारी निवड चाचणी आहे. सोडा मला." टाळूवर टाके पडले. टाके घालणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, पोहताना जरा मागं बघत जा की." मी म्हटलं, "बाई, मागं बघितलं की हरले." त्यांना वाटलं मी काही मोठा विचार सांगते आहे. मी आपली साधी गोष्ट सांगत होते.

उताणं पोहणाऱ्याला जायची दिशा दिसत नाही, सोडून आलेलं पाणी तेवढं दिसतं. मान वळवून मागं बघावं तर खांदा पडतो, कंबर बुडते, वेग जातो. आमच्यात शंभर मीटरला नखाएवढ्या अंतरानं हारजीत होते. म्हणून भिंतीच्या पाच मीटर अलीकडे तलावावर आडवी दोरी बांधतात आणि तिला रंगीत तिकोनी झेंड्या लावतात. झेंड्या डोळ्यांवरून गेल्या की हात मोजायला लागायचं. माझे पाच पडतात. एक, दोन, तीन, चार, आणि पाचवा मागं फेकायचा तो थेट भिंतीला. वळायचं असेल तर तिसऱ्याला पालथं होऊन कोलांटी. कुठल्याही देशातला तलाव असो, झेंड्या तिथेच असतात आणि माझे हात तेवढेच पडतात. लोकांना वाटतं आम्ही ताकदीनं जिंकतो. ताकद सगळ्यांकडेच असते हो. न बघता भिंतीकडे पूर्ण वेगानं डोकं घेऊन जायला जी बेफिकिरी लागते ती माझ्याकडे होती, आणि मंगळवारी ती गेली. झेंड्या गेल्या, एक, दोन, तीन, चार, आणि पाचव्या हाताच्या जागी भिंत.

आदल्या दिवशी तलावावरचे खांब रंगवले होते. म्हणजे दोरी सोडली असणार, परत बांधली असणार. हे मला टाके घालून घेता घेता सुचलं आणि जीव भांड्यात पडला. झेंड्या भिंतीच्या जास्त जवळ बांधल्या असतील तर चुकले ते खांबवाले, मी नाही. तशीच डोक्याला पट्टी बांधून तलावावर परत गेले. तिथे पाण्यातला कचरा काढणारे काका असतात, त्यांना सगळे जाळीवाले म्हणतात. दोरी तेच बांधतात. त्यांना विचारलं तर ते दुखावलेच. "खांबावर कोरलेली खूण आहे, बाई. रंगाखाली गेली तरी बोटाला लागते. आंधळासुद्धा तिथेच बांधेल." मी खुणेवर बोट फिरवलं. दोरी आता खुणेवरच होती. पण सकाळी होती का? आता काय, मला आपटलेलं बघून कुणी गुपचूप सरकवलीही असेल. जाळीवाल्यांच्या तोंडाकडे मी चोरावर पाळत ठेवल्यासारखी बघत राहिले आणि ते आपले शांतपणे जाळी झटकत राहिले. झेंड्या चुकल्या असतील तर मी आहे तीच आहे. झेंड्या बरोबर असतील तर माझ्या डोक्यातलं मोजणं मोडलं, आणि ते कधी परत मोडेल हे मला सांगता यायचं नाही. मनात पाल चुकचुकली ती चुकचुकतच राहिली.

रविवारी देशाच्या संघात दोघींना घेणार होते. एकतिसाव्या वर्षी माझ्यासारखीला ही शेवटचीच, पुढच्या खेपेला मी काठावर टॉवेल धरून उभी असेन. नोकरी मला खेळाडू म्हणून लागली, तीही पाणीपुरवठा खात्यात, आमचे हेडक्लार्क पहिल्या दिवसापासून म्हणतात, "पाण्यातून काढली ती पाण्यातच ठेवली." एरवी मी हसते. बुधवारी डोक्याला पट्टी लावून कामावर गेले तेव्हा ते म्हणाले, "उताणं पडून पदकं मिळवायची म्हणजे कधीतरी डोकं आपटायचंच," आणि मला एकदम रडू यायला लागलं. उठून पाणी प्यायला गेले. परत येताना एकाला वाट द्यायला मागं सरकायचं होतं, आणि माझा पाय मागं पडेना. हात आपोआप मागं गेला, भिंत चाचपायला. भिंत चांगली दोन टेबलं सोडून होती. मग दिवसभर तेच. खुर्चीत बसायचं तर आधी हातानं खुर्ची आहे ना ते बघायचं. लिफ्टमध्ये शिरले की पाठ टेकवून उभी राहायची. घरी नवऱ्यानं गाडी मागं घेतली तशी मी किंचाळले. तो म्हणाला, "अगं, अर्धा मैल जागा आहे मागं. दोन डोळे लावून घे पाठीला, म्हणजे तुझंही भागेल आणि माझंही." माणूस चांगला आहे, पण त्याला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलायची खोड आहे. मागच्या सीटवर बाबा बसले होते. त्यांनी दोनदा टाळी वाजवली. सध्या ते असं बोलतात.

बाबांचा आवाज ही आमच्या घरातली सगळ्यांत मोठी वस्तू होती. घाऊक मंडईत ते लिलाव पुकारायचे. पहाटे ओट्यावर उभे राहायचे, समोर टोपल्यांचे डोंगर, शंभर माणसांचा कालवा, आणि त्यावरून बाबांचा तो आवाज, भोंगा नाही की काही नाही. एक वार, दोन वार, तीन वार. त्यांनी तीन म्हटलं की टोपली गेली, मग त्यावर कुणाची हरकत चालायची नाही. या माणसाला पाण्याची मात्र भारी भीती. स्वतःला पोहता येत नव्हतं, म्हणून मला यायला हवं होतं, आणि मला पाण्यात घातलं की त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. माझं तोंड पाण्याखाली गेलं की ते काठावरून ओरडायचे, "वर! तोंड वर! मला तुझं तोंड दिसलं पाहिजे!" त्यामुळे मी आधी उताणंच पोहायला शिकले. बाकीची पोरं पालथी हातपाय मारत होती आणि मी आभाळाकडे बघत चालले होते, आणि कडेनं विजार गुडघ्यापर्यंत दुमडून बाबा माझ्याबरोबर चालत होते. भिंत जवळ आली की ते पुढे पळायचे, उकिडवे बसायचे, भिंत आणि माझं डोकं यांच्या मध्ये आपला पंजा घालायचे. आणि मोजायचे, लिलावाच्या चालीवर. "एक! दोन! तीन! चार! हात!" पाच कधी म्हणाले नाहीत. पाचव्याला "हात!" असंच. मग मी हात फेकायचे तो त्यांच्या पंज्यात जाऊन बसायचा. एकदा इतक्या जोरात बसला की त्यांचं मधलं बोट मोडलं. ते बोट अजून वाकडं आहे. कुणी विचारलं तर अभिमानानं दाखवायचे, जणू माझी पदकं मी नाही, त्यांनीच मिळवली होती.

तेव्हाचे माझे शिकवणारे मास्तर वैतागायचे. "अहो, कुणासाठी घसा फोडताय? तिचे कान पाण्यात आहेत. तिला घंटा ऐकू येत नाहीये!" बाबा म्हणायचे, "आख्ख्या मंडईच्या पार जातो आवाज माझा. बोटभर पाण्यातून जाणार नाही होय?" आणि मी पाण्यातून मान बाहेर काढून मोठ्या तोऱ्यात सांगायचे, "मला येतं ऐकू!" शेवटी मास्तरांनी त्यांना काठावरून हाकललं, प्रेक्षकांत बसवलं. माझं काही बिघडलं नाही. झेंड्या गेल्या की बाबा मोजायचेच. ते घरी असोत, मंडईत असोत, मी समुद्रापलीकडच्या तलावात असो. मी स्वतः एकदाही मोजलेलं नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सरांना तर नाहीच. पंचवीस-तीस वर्षांच्या बाईनं काय सांगायचं, की माझ्या डोक्यात माझे बाबा मोजतात?

दीड महिन्यापूर्वी बाबांचा घसा काढला. म्हणजे घशातला आवाजाचा भाग काढला, आणि श्वासाला गळ्याशी एक भोक ठेवलं. त्यावर ते स्वच्छ पांढरा रुमाल बांधतात. आदल्या दिवशी नर्स म्हणाली होती, "आजोबा, फोनमध्ये आवाज भरून ठेवा थोडा. घरच्यांना बरं वाटतं." बाबा भडकले. "आवाज काय डब्यात भरून ठेवायची चीज आहे? बोलायचं तेवढं बोललो आहे मी." आणि तेवढंच राहिलं. गंमत अशी की आता सगळे त्यांच्याशी ओरडून बोलतात, ते बहिरे असल्यासारखं. मीसुद्धा. ते कपाळाला हात लावतात. ओठ हलवून बोलतात, मला कळत नाही, मी भलतंच काहीतरी म्हणते, ते चिडतात, टाळ्या वाजवतात, आणि चिडलेला माणूस आवाजाशिवाय इतका एकटा दिसतो की मला बघवत नाही. ऑपरेशननंतर आठवड्याभरात, स्वयंपाकघरात भांडी विसळताना, मी सहज त्यांचा आवाज आठवायला गेले. शब्द आठवले. ते मला हाक कशी मारायचे, फोनवर "बोला!" कसं म्हणायचे, सगळं आठवलं. आवाज नाही आला. ओठ हलताना दिसले. मी नळ बंद केला, डोळे मिटले, जोर लावला; नाहीच. मग भांडी पुन्हा विसळायला घेतली, धुतलेलीच. पाण्यात मात्र हात सवयीनं पडत राहिले, मंगळवारपर्यंत.

गुरुवारी टाक्यांवर दोन टोप्या चढवून पाण्यात उतरले. डॉक्टरीणबाईंना कळलं असतं तर त्यांनी मलाच टाके घातले असते, तोंडाला. पहिल्याच फेरीत झेंड्या डोक्यावरून गेल्या आणि माझी मान आपली आपण वळली. भिंत दोन माणसांइतकी लांब होती. पुन्हा फेरी, पुन्हा मान. शुक्रवारीही तेच. मी स्वतःला शिव्या घालत होते, दात आवळत होते, आणि झेंड्या दिसल्या की मान वळत होती. शेवटी सर मला कडेला बोलावून हळूच म्हणाले, "ऐक. सांगणार नव्हतो. मंगळवारी झेंड्या चुकीच्याच होत्या. चांगल्या हातभर भिंतीकडे. तू आपटल्यावर मीच सरकवल्या. जाळीवाला म्हातारा कामावरनं जाईल म्हणून बोललो नाही." मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. "सर, हे तीन दिवस आधी सांगायला काय झालं होतं तुम्हाला?" "सांगितलं ना आता. जा, पोह." मी पोहले. मान वळली नाही. निदान तीन फेऱ्या वळली नाही. घरी जाताना मी नवऱ्याला सांगितलं, गाडी घे बिनधास्त मागं. रात्री झोपही लागली चांगली.

रविवारी शर्यतीआधी आम्हाला बसवतात ती एक अरुंद खोली आहे, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, ओल्या टॉवेलांचा वास, आणि आठ बायका एकमेकींकडे न बघता पाय हलवत बसलेल्या. माझ्या शेजारी शेंग बसली होती. खरं नाव वेगळं आहे, पण ती इतकी लांब आणि बारीक आहे की तलावावर सगळे तिला शेंगच म्हणतात. सतरा वर्षांची. आमच्याच सरांकडे शिकते, आणि त्या दोन जागांतली एक तिची हे मला मनातून कळून चुकलेलं होतं. तिला गप्प बसवत नाही. "ताई, डोकं दुखतंय का अजून?" "नाही गं." "मी तर घाबरलेच होते. मी तुमच्या शेजारच्याच पट्ट्यात होते ना." मी म्हटलं, "झेंड्या सरकल्या होत्या. तुझंही आपटलं असतं." ती माझ्याकडे बघायला लागली. पोरीला खोटं बोलता येत नाही अजून. "सरकल्या होत्या? नाही हो, ताई. माझे तर बरोबर पडले हात. तुमच्या मागोमागच आले की मी भिंतीला. तुम्ही ना, चौथ्यानंतर हात मांडीपाशीच ठेवलात. नुसत्या थांबल्यात. मला वाटलं मुद्दाम काहीतरी करताय." मग तिला कळलं असावं आपण काय बोलून बसलो ते, ती टोपी नीट करायला लागली.

थांबले होते. मला आठवलं. खोली, खुर्च्या, कुणाचं तरी शिंकणं, सगळं लांब गेलं आणि मंगळवारचं पाणी आलं. झेंड्या गेल्या होत्या. एक, दोन, तीन, चार, एवढं सवयीनं सरकलं होतं, आणि चारनंतर मी वाट बघत होते. हात मांडीपाशी ठेवून, पूर्ण वेगात, मी बाबांच्या "हात!"ची वाट बघत होते आणि तो आला नाही. मग भिंत आली. म्हणजे सर खोटं बोलले. चांगल्या मनानं बोलले, मीही त्यांच्या जागी तेच केलं असतं, आणि तरी मला त्यांचा गळा दाबावासा वाटला. दारातल्या बाईनं पट्ट्यांचे क्रमांक पुकारले. मी उठले. बाहेर प्रकाश, गलका, वरच्या बाकांवर नवऱ्याच्या बाजूला पांढरा रुमाल बांधलेले बाबा, आणि पाण्यावर दोन्ही टोकांना झेंड्या, अगदी जिथल्या तिथे. त्यांचं काही म्हणजे काही चुकलेलं नव्हतं.

पाण्यात उतरून दांडी धरली, पाय भिंतीला लावले. भोंगा झाला. निघाले तर बरी निघाले. छत मागं जात होतं, एकेक तुळई, आणि मी तुळयांनाच सांगत होते की वळणार नाही, मान वळणार नाही. पलीकडच्या टोकाच्या झेंड्या डोळ्यांवरून गेल्या. आत चिडीचूप. "एक"सुद्धा आला नाही. आणि मान वळली. भिंत दिसली, निळी, लांब, मी कोलांटी उशिरा मारली, पाय धड बसले नाहीत, आणि परत निघाले तेव्हा शेंगेचे पाय माझ्या पुढे फेस उडवत होते आणि आणखी दोघी तिच्या मागं. गेलं, म्हटलं. वीस वर्षं गेली, एका मानेपायी गेली. रागानं मी हात ओढायला लागले. कानात पाणी नुसतं घुमत होतं. वर हजार माणसं ओरडत असणार. सर ओरडत असणार, नवरा तर नक्कीच. मला काही ऐकू येत नव्हतं. कधीच येत नाही. कान पाण्यात असतात.

मी दोनेक हात तसेच मारले असतील. मग कळलं. कान तेव्हाही पाण्यातच होते. सात वर्षांची होते तेव्हाही. मास्तर बरोबर होते, मला घंटा ऐकू येत नव्हती. बाबा काठावर उकिडवे बसून घसा फोडत होते आणि मी त्यांचे ओठ बघत होते, उलटे, आभाळासमोर, एक, दोन, तीन, चार, आणि आवाज मी घालत होते. माझा मीच. ओठ त्यांचे, आवाज माझा, सगळी वर्षं. आता भांडी विसळताना आठवतात तसेच. झेंड्या आल्या. झेंड्या गेल्या. मला काही सुचेना तेव्हा मी तोंड उघडलं आणि ओरडले. एक! पाणी तोंडात गेलं. दोन! तीन! चौथ्याला खोकला आला, तो गिळला, आणि सगळा जीव गोळा करून ओरडले, "हात!" आणि फेकला. मान सरळ होती. भिंत माझ्या हाताला इतक्या जोरात लागली की कोपरापर्यंत मुंग्या आल्या.

तिसरी आले. शेंग पहिली, दुसरी एक दुसऱ्या गावची, तिसरी मी. दोघीच जाणार होत्या. सर म्हणाले, "शेवटच्या पाच मीटरला तुझ्याइतकं जोरात कुणी आलं नाही. वळताना काय झालं?" मी म्हटलं, "मागं बघितलं." त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "आणि ओरडत काय होतीस खुळ्यासारखी? श्वास घालवायची ही वेळ आहे?" शेंग रडत माझ्या गळ्यात पडली, जिंकलेली ती आणि रडत तीच, मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला तिचा अस्सा राग आला, आणि तो राग अजून गेलेला नाही. टॉवेल गुंडाळून कठड्यापाशी गेले. बाबा जिना उतरून आले होते, एकेक पायरी, नवऱ्याच्या आधारानं. कठड्यावरून वाकून ते काहीतरी म्हणाले. ओठ हलले. मी म्हटलं, "तिसरी, बाबा. तिसरी आले. नाही झालं." त्यांनी चिडून हात झटकला, तसं नाही. पुन्हा ओठ हलवले. मी म्हटलं, "डोकं? डोकं बरं आहे. नाही आपटलं." त्यांनी टाळी वाजवली, माझ्या तोंडासमोर, वैतागून, मग वाकडं बोट स्वतःच्या कानाला लावलं आणि पोराला शिकवावं तसं एकेक अक्षर सावकाश सोडलं, आणि या खेपेला मला कळलं. ऐकू आलं, असं म्हणत होते ते. ऐकू आलं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण मी नखशिखांत ओलीच होते.

"येणारच," मी म्हटलं. "मंडईतला आवाज आहे तो."